रात्री अकराची भूक: हेवी ट्रेनिंगवाल्यांनी तिचं काय करायचं

"संध्याकाळी सातनंतर काही खायचं नाही" हा नियम ज्याने कोणी काढला त्याच्या डोळ्यासमोर दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस असणार. पहाटे साडेचारला उठून पणजीहून रायबंदरच्या कॉजवेवरून ओल्ड गोवा, पुढे फोंड्याच्या बाजूला असं तीन तास सायकल मारून, घाईघाईत आंघोळ करून ऑफिस गाठून, संध्याकाळी परत कांपालच्या पूलमध्ये उतरणारा माणूस नक्की नसणार. त्यामुळे असं ट्रेनिंग चालू असेल आणि रात्री साडेदहा-अकराला पोटात कावळे ओरडत असतील तर आधी ते गिल्टी वाटणं बंद करा. रात्रीचं खाणं आपल्यासाठी ट्रेनिंगचाच भाग आहे, फक्त ते ठरवून खाल्लेलं पाहिजे, फ्रिजचं दार उघडून उभ्या उभ्या सापडेल ते नको.

हे कोणासाठी लिहितोय ते सांगतो. गोव्यात २०१९ ला मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं), तेव्हापासून इथे ट्रायथलॉनवाल्यांची संख्या बघता बघता वाढली, शिवाय डिसेंबरात वास्कोची रिव्हर मॅरेथॉन असते तिचे लोक वेगळेच. रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्हणजे सगळ्यात जड आठवडे येतात बरोबर जुलै ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे धो धो पाऊस, घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर) पंखा लावून घाम गाळणं, त्यातच श्रावण आणि त्यातच चवथ (गणेशचतुर्थी). आठवड्याला दहा तासांच्या वर ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे आहे. आठवड्यातून तीनदा पाच-पाच किलोमीटर पळत असाल तर रात्री एक कप दूध प्या आणि झोपा, एवढं सगळं वाचायची गरज नाही. डायबेटिस असेल, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर रात्रीच्या खाण्यात डॉक्टरला विचारल्याशिवाय बदल करू नका.

आधी दिवस बघा

रात्रीची भूक बहुतेक वेळा रात्रीची नसतेच, ती सकाळची उधारी असते. होतं काय, जोरात व्यायाम केला की भूक काही वेळ मरते, भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन खाली जातं आणि पोट भरल्याचं सांगणारे वर जातात, वरून उकाडा असला की अजूनच. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ट्रेनरवरून उतरलेल्या माणसाला विचारा काय खाणार, तो म्हणेल फक्त थंड पाणी दे. मग चहा आणि दोन बिस्किटं खाऊन ऑफिस, अकराला परत चहा, दुपारी एकला नेहमीएवढं शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), आणि संध्याकाळी परत सेशन. ६५ किलोचा माणूस तीन तासांच्या राइडमध्ये सहज १५०० ते १८०० कॅलरी जाळतो, म्हणजे एरवीच्या दिवसभराच्या खाण्याच्या जवळपास जातं ते. हा हिशोब शरीर सोडत नाही. दिवसभर गप्प बसतं आणि रात्री तुम्ही जरा सोफ्यावर टेकलात की वसुलीला येतं.

म्हणून रात्री काय खायचं याच्या आधी हे बघा की सकाळचं सेशन संपल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत तुमच्या पोटात नक्की काय गेलं. जेवढ्या लोकांशी यावर बोललोय त्यातल्या बहुतेकांचं भोक इथेच निघतं. खायची इच्छा नसेल तर प्या: दूध, केळं, गूळ, मूठभर भिजवलेले फोव (पोहे) मिक्सरला लावून थंड करून प्या, किंवा ताकात मीठ घालून प्या आणि बरोबर केळं, म्हणजे घशाखाली उतरतं. मग तासाभरात नीट नाश्ता. आणि आपल्या आज्या-पणज्यांची अकराची पेज आपण ऑफिसच्या नादात सोडून दिली ती परत सुरू करा असं मी तर म्हणेन, शेतात राबणाऱ्यांनी ती वेळ उगाच नव्हती ठरवलेली. थर्मासमध्ये नेता येते. ऑफिसात लोक बघतील, बघू देत.

मग संध्याकाळ. सेशन साडेसहाला असेल तर साडेचार-पाचला खाल्लंच पाहिजे, आणि यासाठी गोव्यासारखी जागा नाही कारण त्याच वेळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येतो आणि कुठल्याही हॉटेलात पातळ भाजी तयार असते. पातळ भाजी आणि दोन पाव हा सेशनच्या दीड-दोन तास आधीचा खरंच चांगला खाऊ आहे (बरोबरची मिरचीभजी सोडा, पोहताना तीच वर येते). एका पावातून साधारण २५ ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट) मिळतात, भाजीतल्या बटाट्या-वाटाण्यातून अजून थोडे. असं केलं की रात्रीचं जेवण दोन तुकड्यांत वाटलं जातं, अर्धं सेशनच्या आधी आणि अर्धं नंतर, आणि रात्री नऊला वाघासारखं ताटावर तुटून पडायची वेळ येत नाही.

एकूण किती, तर साधारण गाइडलाइन अशी की दिवसाला तास-तीन तास ट्रेनिंग असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६ ते १० ग्रॅम कार्ब आणि १.२ ते २ ग्रॅम प्रोटीन. ६५ किलोला म्हणजे जवळपास ४०० ते ६५० ग्रॅम कार्ब, ८० ते १३० ग्रॅम प्रोटीन. एक आठवडा लिहून काढा काय खाताय ते. आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो, प्रोटीनच्या बाबतीत जास्त.

रात्री खरंच काय होतं

आपल्या स्नायूंमध्ये साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) मावतं आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंमधलं त्या त्या स्नायूच्याच कामाला येतं, पण लिव्हरमधलं रात्रभर मेंदूला साखर पुरवत राहतं, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना ते कमी कमी होत जातं. आधीच दिवसभरात दोन सेशनने टाकी खाली आणि वरून उपाशी झोपलात तर सकाळी पाचच्या राइडला पहिल्या तासातच पाय जड, डोकं चिडलेलं, आणि चाळीस किलोमीटरला बोंक, म्हणजे अंगातली साखर संपून एकदम गळून जाणं. सामान्य माणसाला रात्री उशिरा खाल्लेली साखर शरीर दिवसाइतकी नीट हाताळत नाही हे खरंय, पण ज्याचे स्नायू रिकामे झालेत त्याच्याकडे ती साखर जायला जागा आहे, हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी बाजू पण आहे. झोपायच्या अर्धा तास आधी भरपेट शागुती (मसालेदार मटण-चिकनचा रस्सा) आणि चार पोई (कोंड्याचे पाव) हाणल्या तर रात्रभर हार्ट रेट वर राहतो, घड्याळ सकाळी रिकव्हरीचा लाल आकडा दाखवतं आणि मग आपण घड्याळालाच शिव्या देतो. मोठं जेवण झोपायच्या दोन ते तीन तास आधी, आणि छोटं, हलकं खाणं अर्धा-पाऊण तास आधी चालतं. ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांनी हे छोटंसुद्धा जरा आधी घ्यावं आणि डाव्या कुशीवर झोपावं, त्याने आंबट वर येणं खरंच कमी होतं.

भूक लागलीय, आता करायचं काय

आधी पाणी आणि मीठ. संध्याकाळच्या सेशनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम, आणि आपल्या दमट हवेत तासाला लिटरभर जाणं काही विशेष नाही. घामाच्या लिटरमागे सरासरी ग्रॅमभर सोडियम जातं, माणसामाणसात फरक खूप, ज्यांच्या काळ्या टीशर्टवर पांढरे नकाशे उमटतात ते जास्तवाले. गेलेल्याच्या सव्वा ते दीडपट पाणी भरून काढायचं, पण ते झोपेपर्यंत हळूहळू, दहा वाजता एकदम लिटरभर ढोसलं तर रात्री तीनदा उठाल. कधी कधी मिठाचं लिंबूपाणी पिऊन पंधरा मिनिटं थांबलं की अर्धी भूक जाते, मग उरलेली खरी.

मग उद्या काय आहे ते बघा, कारण रात्रीच्या खाण्याचा साइज त्यावरून ठरतो. उद्या रेस्ट डे असेल तर एक ग्लास दूध, दही किंवा थोडं पनीर, बास. उद्या पहाटे लाँग राइड किंवा लाँग रन असेल तर ४०-६० ग्रॅम कार्ब आणि बरोबर १५-२० ग्रॅम प्रोटीन. आणि खरी अडचणीची केस म्हणजे आज रात्री आठला जोरात सेशन संपलं आणि उद्या पहाटे पाचला परत, मध्ये नऊच तास. दोन सेशनमध्ये आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर पुस्तकी सल्ला असा आहे की पहिले चार तास तासाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कार्ब घ्या, आपले नऊ तास त्याच्या जवळच आले, आणि ६५ किलोला ते ६५-७८ ग्रॅम दर तासाला होतात. नोकरी करणाऱ्या माणसाने हे करायचं तर झोप कधी घ्यायची? माझं मत विचाराल तर पूलमधून बाहेर आल्या आल्या कपडे बदलतानाच दोन केळी आणि चॉकलेटवालं नसलेलं दूध संपवा, घरी पाऊण तासात नीट जेवा, झोपा, आणि बाकीचं सकाळी निघायच्या आधी आणि सायकलवर तासाला ६०-९० ग्रॅमने भरा. रात्री ठासून भरलेल्या पोटाने सहा तास वळवळण्यापेक्षा हे बरं.

(चॉकलेट, कॉफी, कोला हे संध्याकाळी सेशनला जाताना पण बघून घ्या. कॅफीन अर्धं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि बऱ्याच एनर्जी जेलमध्ये ते असतं. सात वाजता कॅफीनवालं जेल मारून अकराला झोप येत नाही म्हणून फ्रिज उघडणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. ती भूक नसते, जाग असते.)

आता पदार्थ. माझा नंबर एक म्हणजे उकड्या तांदळाची पेज, आणि हे मी गोंयकार म्हणून म्हणत नाहीये, तिच्यात पाणी, मीठ आणि कार्ब एकाच वाडग्यात येतात आणि रात्री दहाला अजिबात चावायची इच्छा नसली तरी ती जाते. एका माणसाला ६०-६५ ग्रॅम कच्चा तांदूळ घ्या, म्हणजे लहान वाटीभर, त्यातून ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब मिळतात. उकडा तांदूळ शिजायला वेळ खातो, रात्री थकून आल्यावर हे होणार नाही, त्यामुळे सकाळी घरातल्या जेवणाबरोबरच भरपूर पाणी घालून कुकरला जास्तीच्या शिट्या काढून ठेवा, दाणा फुलून फुटायला आला पाहिजे पण पिठूळ नको. निवली की लगेच फ्रिजमध्ये, आपल्या हवेत शिजलेला भात दिवसभर ओट्यावर ठेवायचा नाही, त्यात वाढणारे जंतू पोट बिघडवतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. रात्री वाडगाभर पातेल्यात घ्या, थोडं पाणी, मीठ जरा हात सैल सोडून, चांगली उकळी येईपर्यंत गरम करा. उकळत असतानाच एक अंडं फेटून धार सोडा आणि ढवळत राहा, धागे होतात, वरून मिरी. किंवा अंडं वेगळं उकडून. बरोबर कैरीच्या लोणच्याची फोड. सुक्या बांगड्याची चटणी पण लोक खातात, मीठ आणि थोडं प्रोटीन दोन्ही मिळतं, पण रात्री खाल्लेला सुका बांगडा पहाटे सायकलवर आठवण करून देतो, तेव्हा आपापलं बघा.

गॅस पेटवायचाही कंटाळा असेल तर दुधातले फोव. ५० ग्रॅम फोव, एक ग्लास दूध, चमचा-दीड चमचा गूळ, चिमूटभर मीठ, वेलची असली तर. पाच मिनिटं भिजू द्या. साधारण ५५-६० ग्रॅम कार्ब आणि १० ग्रॅम प्रोटीन. दिवाळीला आपण हेच खातो, त्यामुळे घरात फोव कायम असतातच. नाचणीचं तिझन (गोड खीर) पण मस्त, नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं आणि घामाबरोबर थोडं कॅल्शियम जातंच, फक्त रात्री उशिरा करायचं तर नारळाच्या रसाऐवजी दुधात करा, रसातली चरबी पोटात रेंगाळते. संध्याकाळी आणलेली पोई शिल्लक असेल तर तव्यावर गरम करून दोन अंड्यांचं ऑमलेट आत भरा. पोईत कोंडा असतो, पहाटे लाँग रन असेल आणि तुमचं पोट नाजूक असेल तर त्या रात्री पोईऐवजी साधा पाव घ्या.

रस ऑमलेटचं (मसालेदार रश्शातल्या ऑमलेटचं) काय, असं विचारणार हे माहीत आहे. गाड्यावरचं रस ऑमलेट शनिवारी रात्री लाँग राइडच्या आदल्या दिवशी नको, त्या रसात खोबरं आणि तेल दोन्ही सढळ हाताने असतं. रविवारी रात्री खा की. सोमवारी रेस्ट असतो.

चण्याची उसळ, राजमा, कच्चं सॅलड, कोबी हे दुपारी. रात्री दहाला खाल्लं तर पहाटे पळताना झाडं शोधावी लागतात. फरसाण आणि चिप्स भूक भागवत नाहीत, फक्त पाकीट संपवतात.

झोपायच्या आधीचं प्रोटीन

यावर बरंच बोललं जातं म्हणून थोडं सांगतो. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी संध्याकाळी वेट ट्रेनिंग केलेल्या तरुणांना झोपायच्या आधी ४० ग्रॅम केसीन दिलं आणि रात्रभरात स्नायूंची बांधणी जास्त झालेली दिसली. केसीन म्हणजे दुधातलं हळूहळू पचणारं प्रोटीन, दुधातल्या प्रोटीनचा साधारण ८० टक्के भाग तोच असतो. आता तो प्रयोग वेट ट्रेनिंगवाल्यांवर होता, सायकलवाल्यांवर नव्हता, त्यामुळे प्रोटीन पावडरचा डबा विकत घेण्याआधी दिवसभराचं प्रोटीन पूर्ण होतंय का ते बघा, तेच जास्त महत्त्वाचं. ते होत असेल आणि वर काही करायचं असेल तर १०० ग्रॅम पनीर आणि एक ग्लास दूध यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, पावडरची गरज नाही. दूध पचत नसेल तर दही.

"रात्री दही-केळं खाऊ नको, कफ होतो" हे घरात ऐकायला लागणार. मला स्वतःला काही होत नाही. तुम्हाला होत असेल तर नका खाऊ, पर्याय भरपूर आहेत, त्यावरून आईशी रात्री अकराला वाद घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक डब्यातलं माझं आहे आणि ते मी रात्री खाणार आहे, नाहीतर सकाळी तुमच्या पेजेची इडली-पिठात भर पडलेली असते.

श्रावण, उपास आणि चवथ

आपला पीक ब्लॉक (सगळ्यात जड आठवडे) आणि श्रावण एकत्र येतात, आणि मासे बंद झाले की गोव्यातल्या माणसाचं प्रोटीन एकदम कोसळतं. शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रोटीन असतं, दुपारी दोन बांगडे खाणारा माणूस अचानक डाळ-भात आणि भेंडीच्या भाजीवर येतो आणि म्हणतो रात्री भूक का लागते. दुपारच्या जेवणात उसळ किंवा सोया, संध्याकाळी भाजलेले चणे-शेंगदाणे, रात्री पनीर-दूध असं चारी बाजूंनी भरून काढायला लागतं, एका जागी तेवढं प्रोटीन शाकाहारात बसत नाही.

सोमवारचा उपास करत असाल तर कॅलेंडर हातात घ्या आणि सोमवार रेस्ट किंवा अगदी सोपा ठेवा, रविवारी चार तास मारून सोमवारी दिवसभर उपाशी आणि मंगळवारी जोरात-हळू असे इंटरव्हल हे गणित बसत नाही. संध्याकाळी उपास सोडल्यावर एकदम नाकापर्यंत न जेवता सातला जेवण आणि दहाला दुधातले फोव असं वाटून घ्या. एकादशीला धान्य नको असेल तर रताळी, साबुदाणा, केळी, दूध, शेंगदाणे यात कार्ब कमी पडत नाहीत, आमच्या ग्रुपमधला फोंड्याचा एक जण तर म्हणतो की त्याची सगळ्यात चांगली लाँग राइड एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होते, कारण त्या दिवशी तो एरवीपेक्षा दुप्पट रताळी खातो.

चवथीच्या नेवऱ्यांबद्दल (करंज्यांबद्दल) एवढंच की त्या राइडवरून आल्यावर सकाळी खा, तेव्हा साखर कामाला लागते. रात्री साडेअकराला डब्यात हात घालून मोजायच्या नाहीत आणि खायच्या नाहीत, तळलेल्या असतात. मे महिन्यातल्या हुर्राकबद्दल (काजूच्या ताज्या दारूबद्दल) आणि राइडनंतरच्या बियरबद्दल पण एकदाच बोलून घेतो: दारूने डोळा लागतो पण झोप तुटक होते, आणि भरपूर प्यायली तर प्रोटीन खाऊनसुद्धा स्नायूंची दुरुस्ती कमी होते. हेवी आठवड्यात टाळा.

रात्री तीनला जाग येत असेल तर

पीक आठवड्यात एखाद-दुसऱ्या रात्री भुकेने जाग येणं चालतं. उशाशी केळं किंवा डबीत चणे-गूळ ठेवा, खा, चूळ भरा, मोबाइलला हात न लावता परत झोपा. चूळ विसरू नका, आपण दिवसभर जेल आणि केळी खाणारे लोक, दातांची वाट लागते. आंबट काही, म्हणजे सोलकढी किंवा लिंबूपाणी, घेतलं असेल तर लगेच ब्रश न करता अर्धा तास थांबा.

पण हे आठवड्यातून तीन-चार रात्री व्हायला लागलं तर तुम्ही दिवसाला कमी खाताय, सरळ आहे. नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून ३००-४०० कॅलरी वाढवा आणि दहा-बारा दिवस बघा. या काळात वजन कमी करायचा प्रयत्न अजिबात नको, ते काम जानेवारी-फेब्रुवारीत करा जेव्हा ट्रेनिंग हलकं असतं. पोटावरचा टायर बघून ट्रेनिंग वाढवायच्या आठवड्यांत भात बंद करणारे लोक ऑक्टोबरात आजारी पडलेले असतात.

आणि खाणं वाढवूनही सकाळचं वजन उतरतच राहिलं, सकाळचा हार्ट रेट चढलेला, सारखी सर्दी, चिडचिड, सेक्समधला रस गेलेला, पायाच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की दुखतंय, असं काही असेल तर ट्रेनिंग कमी करून डॉक्टरकडे जा. बायकांची पाळी तीन महिने आली नाही तर "ट्रेनिंगमुळे होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. याला आरईडी-एस म्हणतात, म्हणजे ट्रेनिंगच्या मानाने खाणं कमी पडून शरीर बिघडणं, इंटरनॅशनल ऑलिम्पिक कमिटीने २०१४ पासून यावर लिहिलंय, आणि ते पुरुषांनाही होतं. रात्री उठून नकळत किंवा आवरता न येण्यासारखं खाणं होत असेल, त्यानंतर लाज वाटून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं होत असेल, तर तेही डॉक्टरशी बोलायचं प्रकरण आहे, डाएट चार्टने सुटत नाही.

रेसचा आठवडा

टेपरमध्ये, म्हणजे रेसच्या आधीच्या हलक्या दिवसांत, ट्रेनिंग निम्म्यावर येतं पण सवयीने रात्रीचा वाडगा तेवढाच राहतो. सुरुवातीचे दिवस तो अर्धा करा. शेवटचे दीड-दोन दिवस मात्र उलट, पुस्तकात किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कार्ब सांगतात, ६५ किलोला ६५० ते ७८०, आणि एवढा भात कोणी प्रेमाने खाऊ शकत नाही. मला तरी ८ च्या आसपास पुरेसं वाटतं, त्यातलं बरंचसं पेज, कोकम सरबत, पाव-जॅम असं प्यायच्या आणि मऊ वस्तूंतून. रेसच्या आदल्या दिवशी मोठं जेवण दुपारी, रात्रीचं साडेसहा-सातला साधं, वरण-भात किंवा दही-भात, आणि नऊला दुधातले फोव किंवा जे तुम्ही ट्रेनिंगमध्ये खाल्लंय तेच. मिरामारला समुद्रात उतरायचं असतं, लाटेत डोकं खाली घालून पोहताना आदल्या रात्रीचं तिखट हमखास वर येतं. बाहेरून येऊन हॉटेलात राहणार असाल तर फोव, गूळ आणि दुधाचं टेट्रापॅक बॅगेत घालून आणा, रात्री नऊला रूम सर्व्हिसवर फ्राइड राइस आणि फ्रेंच फ्राइजच मिळतात.